मुलांना फॉर्म भरता येतो, तक्ता मांडता येत नाही

प्रति,
मा. कुलगुरू व संगणकशास्त्र अभ्यासमंडळाचे सदस्य, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ;
मा. जिल्हाधिकारी, अहिल्यानगर;
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, अहिल्यानगर;
आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे प्राचार्य यांस,



एकच पत्र चार दारांत टाकतो आहे, कारण ज्या कामाबद्दल लिहायचं आहे ते तुम्हा चौघांच्या हद्दी मिळतात तिथे बेवारस पडलं आहे. विद्यापीठ म्हणतं, माहिती सरकारकडे असते. कचेरी म्हणते, मुलांना शिकवणं हे कॉलेजचं काम. कॉलेज म्हणतं, अभ्यासक्रमात आहे तेवढं आम्ही शिकवतो. आणि मी, या जिल्ह्यातल्या एका ग्रामीण कॉलेजात डेटाबेस शिकवणारा शिक्षक, दर वर्षी त्याच त्या काल्पनिक बँकेच्या कर्जदारांची नावं फळ्यावर लिहीत असतो.

आमची मुलं ऑनलाइन कामात कच्ची आहेत असा कुणाचा समज असेल तर तो आधी काढून टाकावा. शेतकऱ्याच्या घरातलं कॉलेजात जाणारं पोर हेच आज त्या घराचं कारकून आहे. 15 ऑगस्ट 2021 ला राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, गट नंबर निवडायचा, क्षेत्र भरायचं, ही कामं कागदोपत्री खातेदाराची, पण मोबाइल मुलीच्या हातात असतो. पीकविमा तीच भरते. महाडीबीटीवरचा स्कॉलरशिपचा अर्ज तीच भरते, धाकट्या भावाचाही. 2024 च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज निघाले तेव्हा तर आख्ख्या गल्लीतल्या मावश्या-काकू आमच्या विद्यार्थिनींच्या ओट्यावर कागदांच्या पिशव्या घेऊन बसलेल्या असायच्या. दिवसा सर्व्हर चालत नाही म्हणून रात्री उठून भरायचं, ओटीपीसाठी थांबायचं, आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव जुळत नसेल तर आधी कुठलं दुरुस्त करायचं, हे सगळं या मुलींना तोंडपाठ आहे.

यातल्या एखादीला विचारा, की तू 'सबमिट' दाबलंस, मग पुढे काय झालं? तुझ्या आईचं नाव कुठल्या तक्त्यात गेलं, बँक खातं कुठल्या तक्त्यात, आणि दोन्ही एकाच बाईचे आहेत हे यंत्राला कशावरून कळलं? उत्तर येत नाही. दुसऱ्या वर्षाला डेटाबेसचा पेपर उत्तम मार्कांनी सुटलेल्या मुलीकडूनही येत नाही. म्हणून हे पत्र.

विद्यापीठाच्या निवडीबद्दल तक्रार नाही. बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांना पोस्टग्रेएसक्यूएल हे डेटाबेस सॉफ्टवेअर वापरतात. ते फुकट आहे, दणकट आहे, आणि गावातल्या जुन्या संगणकावरही चालतं. तक्रार आहे ती त्यात जे भरायला देतात त्याबद्दल. बँक आणि कर्जदार, प्रकल्प आणि कर्मचारी, विद्यार्थी आणि शिक्षक अशी ठरीव तक्त्यांची जोडी असते. मुलं पाच-सहा ओळी भरतात, वहीतल्या प्रश्नाप्रमाणे क्वेरी लिहितात, छापून फाइलला लावतात. मागच्या वर्षाच्या मुलाची फाइल मिळाली तर हेही काम वाचतं. या माहितीत चूक नसते, गाळलेला रकाना नसतो, दोन माणसांचं एकच नाव नसतं. जिथे काही बिघडतच नाही तिथे प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची एकमेव ओळख, कशाला लागते हे मुलाला कळावं कसं? ते व्याख्या पाठ करतं. नॉर्मलायझेशनचे पहिले तीन फॉर्म आमच्याकडे पाढ्यांसारखे म्हणतात.

एडगर कॉड हा आयबीएममधला गणिती. त्याने जून 1970 मध्ये रिलेशनल मॉडेलचा निबंध छापला, तेव्हा त्याच्यापुढे सवाल असा होता: पुष्कळ लोक एकच माहिती वापरतात, तर ती कशी मांडावी म्हणजे प्रत्येकाला तिच्या आतल्या रचनेची घोकंपट्टी करावी लागणार नाही? कॉडचं नाव आमच्या मुलांना परीक्षेपुरतं माहीत असतं. पण तोच सवाल त्याच्या कितीतरी आधीपासून ज्या कागदांनी आपल्या परीने सोडवत आणला, ते कागद त्यांच्याच घरात, पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले असतात.

सातबारा घ्या. गाव नमुना 7 म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना 12 म्हणजे पिकांची नोंदवही; दोन तक्ते गट नंबराने जोडून एका कागदावर आणले, तो झाला सातबारा. याला आम्ही वर्गात जॉइन म्हणतो. आता 8अ काढा. तो खातेदारावरून लावलेला असतो: या माणसाच्या नावावर गावात कुठकुठले गट आहेत. एका गटात पाच खातेदार, एका खातेदाराचे चार गट. अनेकांचा अनेकांशी संबंध ज्याला म्हणतात तो हाच, आणि तो समजावून सांगायला मला कुठल्याही प्रकल्पाचा कर्मचारी लागत नाही. भावकीत वाटणी झालेल्या घरातल्या मुलाला 'सामाईक क्षेत्र' म्हणजे काय हे मी शिकवायचं नसतं, त्याने मला शिकवायचं असतं. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर एकाच रकान्यात पाच भावांची नावं एकाखाली एक कोंबलेली दिसतात. पहिला नॉर्मल फॉर्म मोडतो म्हणजे नेमकं काय होतं, ते त्या कागदावर बोट ठेवून दाखवता येतं: कुणाचा हिस्सा किती, हे त्या रकान्यावरून सांगता येत नाही. त्यावरून कोर्टकचेऱ्या झालेली घरं वर्गात बसलेली असतात.

आणि फेरफार. सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात एक आकडा असतो. तो नमुना 6 मधल्या फेरफार नोंदीचा नंबर. हे नाव इथे का आणि कशाच्या आधारे आलं, याचा माग त्या आकड्याने लागतो. खरेदीखत, वारस, वाटप, बोजा, जे असेल ते. फॉरेन की या गोष्टीचं याहून चोख उदाहरण मला कुठल्याही इंग्रजी पुस्तकात सापडलेलं नाही. नोंद धरली की नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. तोवर नोंद कच्ची. आमच्याकडे यालाच ट्रान्झॅक्शन आणि कमिट म्हणतात आणि मुलं ते एटीएमचं चित्र काढून शिकतात.

त्याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. जुनं नाव कमी करायचं झालं तर तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, ते खोडून टाकत नाहीत, कंसात टाकतात. आधी काय होतं ते दिसत राहतं. प्रात्यक्षिकाच्या वहीत मात्र 'डिलीट' ही आज्ञा मुलं दुसऱ्याच आठवड्यात शिकतात आणि ओळी पटापट उडवतात. माहिती पुसणं किती गंभीर आहे याची समज त्या वहीपेक्षा गावच्या दप्तरात जास्त आहे. संगणकीकरण करताना हाताने लिहिलेल्या उताऱ्यावरून टंकताना चुका झाल्या, त्या निस्तरायला जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांचे आदेश काढावे लागले, हे महसूल खात्याला चांगलंच ठाऊक आहे. एका चुकीच्या बटणाची किंमत एका शेतकऱ्याचे किती हेलपाटे असते, हे आमच्या मुलांनी नोकरीत शिरण्याआधी पाहिलं पाहिजे. उद्या ती बटणं यांच्याच हातात असणार आहेत.

आता माहिती गोळा करण्याकडे येतो. इथे जास्त थांबणार आहे, कारण इथेच आमचे सगळ्यात जास्त हाल होतात.

मुलांना सांगितलं की आपल्या गावातल्या विहिरींची माहिती ऑनलाइन फॉर्मवर जमवा, तर ती हौसेने फॉर्म करतात. पहिला प्रश्न, गावाचं नाव, उत्तर मोकळ्या रकान्यात. नगर तालुक्यातच पिंपळगाव माळवी आहे, पिंपळगाव उज्जैनी आहे, पिंपळगाव लांडगा, पिंपळगाव वाघा आणि पिंपळगाव कौडाही आहे. पारनेरला पिंपळगाव रोठा, श्रीगोंद्याला पिंपळगाव पिसा, पाथर्डीला पिंपळगाव टप्पा, अकोल्याला पिंपळगाव नाकविंदा. माणूस फॉर्मवर नुसतं 'पिंपळगाव' लिहितो, कारण त्याच्या लेखी जगात दुसरं पिंपळगावच नाही. कुणी मराठीत लिहितो, कुणी इंग्रजीत, कुणी 'पिंपळगांव' असा अनुस्वार देऊन. यंत्राच्या दृष्टीने ही सगळी वेगवेगळी गावं. यादीतून निवडायला दिलं असतं आणि त्या यादीमागे गावाचा कोड असता तर ही वेळ आली नसती.

दुसरा प्रश्न, जमीन किती. समोरचा सांगतो, "एक वीस." मुलगा 1.20 लिहितो. एक एकर वीस गुंठे म्हणजे दीड एकर, कारण एकराचे गुंठे 40. पण दशांश चिन्ह दिलं की यंत्र ते एक पूर्णांक दोन दशांश एकर धरतं. प्रत्येक शेतकऱ्यामागे असं थोडं थोडं रान कागदावरच गायब होतं. त्यात एखादा माणूस सातबारा काढून आणतो, तर त्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, आणि पोटखराबा वेगळा. तिसरा प्रश्न, विहिरीची खोली. उत्तर येतं, "सात परस." परस म्हणजे उभ्या माणसाची उंची, ती कुणी पाच फूट धरतो, कुणी सहा. विहीर कधी खोदली? "बाहात्तरच्या दुष्काळात." हे उत्तर खरं तर फार चांगलं आहे, पण मुलाने तिथे तारखेचा रकाना ठेवलाय आणि फॉर्म दिवस-महिना मागतोय. शेवटी मुलगा 1 जानेवारी 1972 टाकून मोकळा होतो. खोट्या नेमकेपणाचा जन्म कसा होतो ते बघायचं असेल तर तो असा.

हे सगळं डेटाबेसचंच शिक्षण आहे. रकान्याचा प्रकार, एकक, यादी, बंधन, रिकामी जागा आणि शून्य यांतला फरक. विहीर कोरडी आहे म्हणजे पाणी शून्य. विहिरीवर कुणी भेटलं नाही म्हणजे माहिती नाही. या दोन्हीला मुलं शून्यच लिहितात आणि मग गावाची सरासरी पाणीपातळी तळाला जाते. वहीतल्या बँकेत हे कधीच घडत नाही.

नावाचं तर आपल्या जिल्ह्याइतकं बोलकं उदाहरण राज्यात थोड्या ठिकाणी मिळेल. मार्च 2024 मध्ये मंत्रिमंडळाने जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर करायचा निर्णय घेतला, ऑक्टोबरमध्ये ते अधिकृत झालं. नामांतरावर कुणाला काय वाटतं हा या पत्राचा विषय नाही. पण ज्या ज्या फाइलीत जिल्हा नावाने ओळखला जात होता तिथे आता एका जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले आहेत. खरं म्हणजे आधीही एकच नव्हता: इंग्रजीत जनगणना एक स्पेलिंग लिहायची, बाकी सगळे दुसरं, आणि माणसं नुसतं 'नगर' म्हणायची. याउलट जिथे कोड होता तिथे काहीच बिघडलं नाही. 2011 च्या जनगणनेत आपला जिल्हा 522 आहे. पंचायतराज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत 466. शाळांचे यूडायस क्रमांक 2726 ने सुरू होतात. नाव बदलू शकतं म्हणून ते प्रायमरी की होऊ शकत नाही, हा धडा या जिल्ह्याच्या प्रत्येक मुलाने जगून पाहिला आहे. वर्गात कुणी तो उचलून दाखवत नाही इतकंच.

मुलांना चक्रावून टाकायचं असेल तर पुढे विचारावं: मग गाडीच्या नंबरवरून जिल्हा ओळखावा का? नगरची गाडी एमएच 16, श्रीरामपूरची एमएच 17, जिल्हा एकच. पिनकोडवरून? जामखेड आणि श्रीरामपूर 413 वर, नगर 414 वर, अकोले-संगमनेर 422 वर, कोपरगाव 423 वर. पोस्टाने आपली सोय पाहिली, परिवहन खात्याने आपली. 17,048 चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा जिल्हा आणि 14 तालुके. प्रत्येक खातं त्याचे आपल्या सोयीचे तुकडे पाडतं. हे तुकडे एकमेकांशी जुळवायचे कसे, हाच माझ्या मते पदवीच्या पातळीवरचा खरा डेटाबेसचा प्रश्न आहे.

माहिती जमवून तिचं करायचं काय, याचं उत्तर शोधायलाही लांब जावं लागत नाही. हिवरे बाजारला पाऊस मोजतात, निरीक्षण विहिरींची पातळी मोजतात, आणि ते आकडे ग्रामसभेत मांडून त्या वर्षी कुठलं पीक घ्यायचं ते ठरवतात. पोपटराव पवारांच्या गावाची ख्याती टेकड्यांवरच्या चरांमुळे आणि झाडांमुळे झाली, पोपटरावांना पद्मश्रीही मिळाली. मला मात्र त्यातली नोंदवही सगळ्यात मोलाची वाटते. उसाला आणि शेतीसाठीच्या बोअरवेलला त्या गावाने नकार दिला. नकार देताना हातात आकडा असला की भावकीत वितुष्ट येत नाही. विहीर हा एक तक्ता, पातळीच्या नोंदी हा दुसरा, पाऊस तिसरा, पीकक्षेत्र चौथा. चार तक्त्यांवर एका गावाचं वर्ष ठरतं. आमची सहल तिथे जाते, मुलं फोटो काढतात, परत येतात. त्या चार तक्त्यांची रचना करून दाखव, असं परीक्षेत कुणी विचारत नाही.

साधनांचा प्रश्न नाही. ओपन डेटा किट हे वॉशिंग्टन विद्यापीठात जन्मलेलं साधन फुकट आहे. मोबाइलवर रेंज नसतानाही फॉर्म भरता येतो आणि रेंज आली की पाठवता येतो. रतनवाडी-घाटघरकडे पावसाळ्यात जाऊन कुणी ऑनलाइन फॉर्म भरून दाखवावा, म्हणजे या सोयीची किंमत कळेल. एसक्यूलाइट हे छोटं डेटाबेस सॉफ्टवेअर तर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आधीपासून बसलेलं आहे. एकदा मुलाने हे वापरलं, की आपली ई-पीक पाहणी अडकते तेव्हा ती कुठे अडकत असेल याचा त्याला अंदाज बांधता येतो आणि सर्व्हरला शिव्या देणं थोडं कमी होतं.

एक धोका मात्र मला रात्री झोपू देत नाही. ऑनलाइन फॉर्म करणं आता इतकं सोपं झालंय की जो तो करतो, आणि लागेल न लागेल ते सगळं विचारून ठेवतो. नाव, मोबाइल, आधार क्रमांक, जात, वडिलांचं उत्पन्न. मग त्या उत्तरांची शीट सगळ्यांना उघडी, आणि तिची लिंक व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर. मुलींचे मोबाइल नंबर त्या शीटमधून कुठे जातात ते मुलींना विचारा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमानुसार 18 वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. शाळा-कॉलेजांतल्या किती फॉर्मांवर आज साधं एवढं तरी लिहिलेलं असतं, की ही माहिती कशासाठी हवी आहे आणि कधी पुसणार? काय विचारायचं नाही, हे शिकवणं मी पहिल्या तासाला ठेवीन. विहिरीची पातळी हवी असेल तर मालकाचा आधार नंबर लागत नाही.

आता प्रत्येकाकडे मागणं.

कुलगुरू महोदय आणि अभ्यासमंडळाचे सदस्य, नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक दिले आहेत. आज हे श्रेयांक कसे मिळवले जातात ते आपल्यालाही ठाऊक आहे: एक भेट, चार फोटो, प्राचार्यांच्या सहीचं प्रमाणपत्र. तेच श्रेयांक डेटाबेसच्या प्रात्यक्षिकाला जोडा. मुलाने आपल्या गावातला एकच विषय घ्यावा. विहिरी घ्याव्यात, रेशन दुकानाचे वार घ्यावेत, नाहीतर दूध संकलन केंद्र घ्यावं. डेअरीत प्रत्येक सभासदाला कोड असतो, सकाळ-संध्याकाळची नोंद असते, फॅट-एसएनएफवरून दरपत्रक लागतं. तीन तक्ते तिथे आयते उभे आहेत आणि मुलाच्या घरच्या दुधाची पावती त्याच्या खिशात असते. फॉर्म त्याने बांधावा, माहिती त्याने जमवावी, चुका त्याने शोधाव्यात. आणि मार्क त्या चुकांच्या टिपणाला द्यावेत: कुठला रकाना चुकला, का चुकला, पुन्हा कसा मांडला. हे टिपण मागच्या वर्षीच्या फाइलीतून उतरवता येत नाही. बँकेचे कर्जदार हवे तर पहिल्या चार आठवड्यांपुरते ठेवा, आमचं त्यांच्याशी वैर नाही.

जिल्हाधिकारी महोदय, आपल्याकडे मागणं थोडकं आहे. जिल्ह्यातल्या सगळ्या गावांची, तालुका आणि महसूल मंडळासह, कोडांची एक यादी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर ठेवा, यंत्राला वाचता येईल अशी. एका मंडळाची ई-पीक पाहणीची आकडेवारी, खातेदारांची नावं आणि गट नंबर काढून, शिकवण्यासाठी द्या. मंडळनिहाय पाऊस कृषी विभागाच्या संकेतस्थळावर दिसतो, तो मागच्या वर्षांसह एकत्र उतरवून घेता यावा. माहिती अधिकारासाठी राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी उपोषणं केली, राज्याचा कायदा 2002 ला झाला, देशाचा 2005 ला. त्या केंद्रीय कायद्याचं कलम 4 सरकारी कार्यालयाला सांगतं, की अभिलेख सूचीबद्ध करा, शक्य तिथे संगणकावर आणा, म्हणजे लोकांना अर्ज करावेच लागू नयेत. ज्या जिल्ह्याने तो कायदा मागितला त्या जिल्ह्यातल्या मुलांनी कलम 6 खाली अर्ज करून पावसाचे आकडे मागावेत, हे शोभत नाही.

मुख्य कार्यकारी अधिकारी महोदय, शाळेतल्या गुरुजी-बाईंची अवस्था आपण जाणता. शाळेचा 11 अंकी यूडायस क्रमांक त्यांना पाठ आहे. तो एक क्रमांक दिला की शाळेचं नाव, केंद्र, तालुका, माध्यम सगळं आपोआप यायला हवं. त्यासाठीच तो आहे. तरी दर महिन्याला एखादी नवी एक्सेल शीट येते आणि त्यात हे सगळं पुन्हा टंकावं लागतं, तेही 'आज सायंकाळी पाचपर्यंत'. एकच माहिती दहा ठिकाणी साठवू नये हे आम्ही मुलांना पहिल्याच प्रकरणात शिकवतो. जे भरलं ते शाळेला परत कधी मिळत नाही, म्हणून भरणाऱ्यालाही त्याबद्दल आस्था राहत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडची मुलं दिवाळीनंतर आई-बापांबरोबर ऊसतोडीला कारखान्यांच्या अड्ड्यावर जातात. तिथल्या शाळेने त्या मुलाचा क्रमांक टाकला तर त्याची मूळ शाळा, इयत्ता, कुठपर्यंत शिकलंय हे त्या बाईंना तिथल्या तिथे दिसायला हवं. आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना हा प्रकल्प द्या. मुलांची खरी नावं न देता, नुसती रचना मांडायला. ती जीव लावून करतील. वर्गात अशी मुलं बसतात ज्यांनी स्वतः एका वर्षात दोन शाळा पाहिल्या आहेत.

प्राचार्य महोदय, तुमच्याशी घरातल्यासारखं बोलतो. मूल्यांकन समिती यायची असली की विद्यार्थ्यांकडून अभिप्रायाचे फॉर्म घाऊक भरून घेतले जातात आणि संगणकशास्त्राची मुलं त्या कामाला जुंपली जातात. हे टंकलेखन आहे, प्रशिक्षण नव्हे. त्यांना तो फॉर्म बांधायला सांगा, निकालाचं विश्लेषण करायला सांगा, आणि जे निघेल ते वाचायची तयारी ठेवा.

तुमची उत्तरंही मला ऐकू येतात. वेळ नाही. विनातक्रार चालणारे संगणक नाहीत. शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत, उन्हाळ्यात त्यांना पगार नसतो, गावोगाव फिरायला ते का जातील? शेवटचा मुद्दा खरा आहे आणि त्याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. संगणकशास्त्राचे बहुतेक विभाग विनाअनुदानित आहेत. क्षेत्रकामाचे तास शिक्षकाच्या कार्यभारात धरले नाहीत तर हे सगळं कागदावरच राहील, तेव्हा विद्यापीठाने ते धरावेत. वेळेचं मात्र मी मान्य करणार नाही. पाच-सहा ओळींच्या बँकेवर आपण आज दोन सत्रं घालवतोच आहोत.

घाई करायला एक कारण आहे. 2027 ची जनगणना देशात पहिल्यांदाच डिजिटल होते आहे. प्रगणक मोबाइलवर माहिती भरणार, लोकांना स्वतःही भरता येणार. 2011 ला या जिल्ह्यात 45 लाखांवर माणसं मोजली गेली होती, तेव्हा कागदाचे तक्ते होते आणि गुरुजी पेनने खुणा करत होते. या वेळी घराघरात स्वतःची माहिती कोण भरणार आहे ते मी वर सांगितलंच: आमच्याच वर्गातली मुलगी. तिला 'कुटुंब' आणि 'घर' हे दोन वेगळे तक्ते का आहेत हे आधी कळलेलं असलं तर ती आजीला सांगू शकेल, की चूल वेगळी असेल तर नोंद वेगळी का होते.

सगळ्या जिल्ह्यात एकदम करा असं म्हणत नाही. येत्या जूनपासून एक तालुका घ्या, त्यातली दोन-तीन कॉलेजं घ्या. कोडांची यादी जिल्हाधिकारी कार्यालयाने द्यावी, श्रेयांक विद्यापीठाने द्यावेत, एका केंद्रातल्या शाळा जिल्हा परिषदेने द्याव्यात, आणि जमवलेली माहिती मुलांनी वर्षअखेरीला त्या त्या ग्रामसभेपुढे मांडावी. प्रात्यक्षिकांचा आराखडा आणि फॉर्मांचे नमुने मी करून द्यायला तयार आहे, त्याचं मानधन नको. फक्त यादी द्याल ती स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये देऊ नका.

कळावे,

आपला,
जिल्ह्यातल्या एका कॉलेजात डेटाबेस शिकवणारा शिक्षक